पायरीखालचे चार जोड

वसुधा साळोखे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर उतरली तेव्हा लोकांनी आधी तिची पेटी पाहिली आणि मग पेटीमागे उभी असलेली वसुधा पाहिली. पेटी जवळजवळ चार फुटांची आणि वसुधा चार फूट अकरा इंच. सत्तावन्न सालचा ऑक्टोबर होता. अंगात नवाकोरा ओव्हरकोट, त्याखाली इंदुरी साडी, आणि तिथल्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तंत्रविद्यापीठात, रसायनशास्त्राची डॉक्टरेट करायला आलेल्या या बाईंना जर्मनमधली सतरा वाक्यं येत होती. त्यांतलं एकही पेटीबद्दल नव्हतं. त्यामुळे घरमालकीण फ्राऊ आरेन्स यांनी दारातच पांढऱ्याफटक चेहऱ्याने "यात कोण आहे?" असं विचारलं, तेव्हा वसुधाने उत्तर न देता सरळ पेटी उघडून दाखवली.

आत बॅरिटोन सॅक्सोफोन होता. सॅक्सोफोनच्या घराण्यातला थोरला, खर्जाचा.

फ्राऊ आरेन्स जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. पोस्टाच्या खिडकीत बसणारी ही पन्नाशीची विधवा स्वतः आल्टो सॅक्सोफोन वाजवायची. त्यांचा चौघांचा एक संच होता आणि गेले आठ महिने तो बॅरिटोनवाचून अडून बसला होता, कारण त्यांच्या बॅरिटोनवाल्याने वोल्फ्सबुर्गला नोकरी धरली होती. हे सगळं सतरा वाक्यांत कसं बसवायचं? मग त्या उठल्या, वर गेल्या, आपला आल्टो घेऊन आल्या आणि तो वसुधाच्या पेटीशेजारी ठेवला. एवढं जर्मन वसुधाला ताबडतोब कळलं.

आता हा सॅक्सोफोन साळोख्यांच्या घरी कसा आला, तीही एक गंमतच. वसुधाचे वडील श्रीरंग मास्तर हे कोल्हापूरच्या बाजूच्या एका चिमुकल्या संस्थानाचे बँडमास्तर. संस्थान इतकं चिमुकलं की बँड मिरवणुकीला निघाला की पुढचा ढोल वेशीबाहेर पडायचा आणि मागची झांज अजून वाड्याच्या देवडीतच असायची. संस्थान विलीन झालं, बँड मोडला. सामानाची यादी करायला आलेल्या कारकुनाने या वाद्याला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि "वाकडी सनई, मोठी, नग एक" असं लिहून तो मोकळा झाला. पुढे ताबा घ्यायला दुसरा कारकून आला. मास्तरांनी छातीवर हात ठेवून त्याला सांगितलं की आमच्या घरात सनई नाही, हवं तर शोधा. ते खोटं बोलले असं म्हणायची आपली तरी छाती नाही.

त्या वाकड्या सनईवर मास्तरांनी, म्हणजे वसुधाच्या आबांनी, लेकीला शिकवलं. सरगम करून शिकवलं, आणि एक नियम घालून दिला. पायात काही घालून वाद्याला हात लावायचा नाही आणि मंचावर चढायचं तर मुळीच नाही. "बूट दरबारासाठी," आबा म्हणायचे. "त्यांना पायांचा आवाज लागतो, आपल्याला वाद्याचा." हे वसुधाच्या अंगात इतकं भिनलं की त्याचा विचार करावा लागेना. आपण जेवताना हात कुठे न्यायचा याचा विचार करतो का, तसंच ते.

आबांची एक इच्छाही होती. त्यांच्या आधीच्या गोऱ्या बँडमास्तरने त्यांना सांगितलं होतं की हे वाद्य काही नुसत्या सलाम्या झोडायला जन्माला आलेलं नाही. ज्याने ते घडवलं त्याच्याच एका मित्राने, बेल्जियमच्या एका व्हायोलिनवादकाने, शंभर वर्षांपूर्वी फक्त चार सॅक्सोफोनसाठी म्हणून रचना लिहिली होती. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन. चार भाग. कंडक्टर नाही, ढोल नाही. खोलीत बसून एकमेकांकडे बघत वाजवायचं, व्हायोलिनवाले चौघं वाजवतात तसं. आबांच्या बँडात ही चारही वाद्यं होती, पण राजेसाहेबांना सलामी आणि वरात याखेरीज तिसरं काही नको असायचं. वसुधा बोटीत बसायच्या आदल्या दिवशी आबांनी पेटीचे पट्टे आवळले. "वसू," ते म्हणाले, "तिकडं कोणीतरी ते वाजवत असेलच. एकदा चार माणसांसमोर, मंचावर, त्यात बसून ये. मला पत्रात कळव, म्हणजे झालं."

तर कोणीतरी म्हणजे हेर टीडेमान; हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. बासष्ट वर्षांचे, पितळी वाद्यं दुरुस्त करणारे, सोप्रानोवादक आणि संचाचे म्होरके. सॅक्सोफोनकडे नाझी सरकारच वाकड्या नजरेने बघत होतं त्या वर्षांत त्यांनी त्या रचनेचे कागद दुकानाच्या फरशीखाली ठेवले होते. पुढे बॉम्बमध्ये दुकान गेलं, फरशी राहिली. शहराच्या चेंबर म्युझिक मंडळाच्या छोट्या हॉलमध्ये, जिथे फक्त व्हायोलिन-पियानोवाल्यांचीच उठबस असते तिथे, हे कागद स्टँडवर ठेवून एकदा वाजवायचं, एवढ्यासाठी हा माणूस पंचवीस वर्षं थांबला होता. सातासमुद्रापलीकडच्या एका बँडमास्तरालाही हेच हवं आहे, असं वसुधाने पुढे जर्मन जमायला लागल्यावर त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

शिकाऊ मंडळींना या वाद्यांचा एक मोठा जाच असतो. कागदावर एक सूर लिहिलेला असतो आणि वाद्यातून भलताच निघतो, प्रत्येक वाद्याचा वेगळा. वसुधाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. ज्याचा त्याचा सा वेगळा, यात रडायचं काय? तीन महिन्यांत ती कागद वाचायला लागली आणि टीडेमान तिला "फ्रॉयलाइन वासुडा", म्हणजे कुमारी वासुडा, म्हणायला लागले. याहून जवळ ते कोणाला येऊ देत नसत.

सगळं कसं छान जमलं होतं. फक्त हेर ल्युडेकेंचा पाय जमत नव्हता.

ल्युडेके टेनर वाजवायचे. पण पोटासाठी ते एकोणीस वर्षं ट्राम चालवत होते. ट्रामची घंटा ड्रायव्हर पायाने वाजवतो, पायाखाली एक दट्ट्या असतो त्यावर बुटाची टाच हाणून. एकोणीस वर्षं प्रत्येक चौकात, प्रत्येक सायकलवाल्यामागे, प्रत्येक म्हातारीपुढे ल्युडेकेंनी टाच हाणली होती. आता संगीतात जरा कठीण वळण आलं, की त्यांचा उजवा बूट आपोआप उठायचा आणि धाडकन खाली यायचा. पहिल्या भागात ते एकवेळ खपून जायचं. दुसरा भाग मात्र संथ, अगदी हळुवार, चौघांचे श्वास ऐकू यावेत असा, आणि त्यात बरोबर सात चौक होते.

अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरात मंडळाच्या समितीने टीडेमानच्या वर्कशॉपमध्येच येऊन त्यांना एकदा ऐकून घेतलं. अध्यक्ष डॉक्टर वेझेमान, पेशाने दंतवैद्य, सात वेळा दचकले. चार दिवसांनी पत्र आलं. ज्या संगीताला बुटाची साथ लागते त्यासाठी शहरात नाचघरं आहेत, असं त्यात होतं, आणि खाली नियमावलीतलं कलम होतं की कोणत्याही संचाला फार तर दोनदा ऐकलं जाईल. म्हणजे आता एकच संधी उरली होती. साठ साली उन्हाळ्यात वसुधाचा प्रबंध पुरा होणार होता, ती घरी जाणार होती, आणि दुसरा बॅरिटोन काही पेटीत बसून दारात येणार नव्हता. टीडेमाननी दुसरी तारीख मागितली. साठ सालच्या मार्चमधला शनिवार मिळाला, सकाळी अकराचा.

मग पाय सुधारण्याचा खटाटोप सुरू झाला आणि त्यात वर्ष गेलं. फ्राऊ आरेन्सनी घरून पायपुसणं आणलं. तिसऱ्या चौकापर्यंत ल्युडेकेंनी ते लाथ मारत मारत भिंतीला पोचवलं. टीडेमाननी पाय खुर्चीला सुतळीने बांधला, तर खुर्चीच उठून आपटली. शेवटी वसुधाने दिनकरला बोलावलं. दिनकर पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करणारा, तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा आणि आत्मविश्वासाने दहा वर्षांनी मोठा.

"वसुधाताई, हा अगदी सिंपल डॅम्पिंगचा प्रॉब्लेम आहे," तो ल्युडेकेंच्या बुटाकडे रोखून बघत म्हणाला. "आल्झो, तर, मास माहीत आहे, हाइट माहीत आहे. मला दोन आठवडे द्या."

"दोन आठवड्यांत होईल?"

"गेनाऊ, बरोब्बर दोन आठवडे."

दोन आठवड्यांनी त्याने चार स्प्रिंगांवर बसवलेली फळी आणली. ल्युडेकेंनी पहिल्या चौकात टाच हाणली. आवाज खरोखरच आला नाही, पण स्प्रिंगांनी पाय परत वर फेकला, गुडघा टेनरला लागला आणि टेनरमधून म्हशीने रेकावं तसा सूर निघाला. वसुधा हसून हसून स्टूलवरून खाली आली. ल्युडेके बिचारे एवढंसं तोंड करून म्हणाले, "मी सोडतो. तुम्ही दुसरा टेनर बघा." टीडेमान म्हणाले, "चौघं म्हणजे चौघं." मग ते कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून उभे राहिले, आणि वसुधाचं हसू जागच्या जागी विरलं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं, बूट काढून वाजवावं हे एकालाही सुचू नये? नाही सुचलं. तालमी व्हायच्या टीडेमानच्या वर्कशॉपमध्ये. तिथे जमिनीवर पितळेचा कीस, डाग द्यायच्या कथलाचे थेंब आणि पत्र्याच्या कातरणी पडलेल्या. वसुधा पहिल्या दिवशी बूट काढायला वाकली तेव्हाच टीडेमान ओरडले होते की पायात काही रुतलं तर मला पोलिसांत जावं लागेल. तेव्हापासून ती मनातल्या मनात वाद्याची आणि आबांची माफी मागून बूट घालूनच वाजवत होती. बाकीच्या तिघांचं म्हणाल, तर परक्या लोकांत बूट काढणं हे त्यांच्या लेखी पँट काढण्याच्या जरासंच अलीकडचं होतं.

तो शनिवार उजाडला. वसुधाने नारायणपेठी नेसली, खाली थंडीसाठी लोकरीचे मोजे. वाद्य उचलायला दिनकर होता. हॉलच्या दाराशी टीडेमाननी तिघांना जवळ घेतलं. "आज एकच लक्षात ठेवा," ते म्हणाले. "आपण चार नाही, एक आहोत. एक जण जे करील ते बाकीच्यांनी करायचं. त्याच क्षणी करायचं आणि प्रश्न विचारायचा नाही. घोळ झाला तर घोळसुद्धा चौघांनी मिळून."

बॅरिटोनची खुर्ची मंचाच्या पलीकडच्या टोकाला, म्हणून ओळीत वसुधा पहिली. समोर मेण लावून चकचकीत केलेला लाकडी मंच, त्याला तीन पायऱ्या. तिसऱ्या रांगेत डॉक्टर वेझेमान आणि समितीतले आणखी दोघं, मांडीवर कागद घेऊन. वसुधाच्या मनात फक्त पहिला सूर होता. पायरीपाशी येताच तिच्या पायांनी आपणहून बूट काढले, बाजूला जोडीने ठेवले, तिने वाकून पायरीला हाताने स्पर्श केला, तोच हात कपाळाला लावला, आणि ती वर चढली.

मागे फ्राऊ आरेन्स होत्या. त्यांनी एक क्षण त्या बुटांकडे पाहिलं, मग टीडेमानचा हुकूम आठवला, आणि त्यांनीही आपले बूट काढून शेजारी ठेवले, पायरीला हात लावला, कपाळाला लावला. ल्युडेकेंच्या पायात ट्रामच्या गणवेशाचे उंच लेसवाले बूट. ते खाली बसले. लेस सोडायला त्यांना सव्वा मिनिट लागलं आणि त्या सव्वा मिनिटात हॉलमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता. शेवटी टीडेमान. ते पायरीपाशी लाल होत गेले, कारण त्यांच्या डाव्या मोज्याला भोक होतं आणि ते त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. पण हुकूम त्यांचाच होता. अंगठा बाहेर ठेवून त्यांनी वाकून पायरीला हात लावला आणि वर येताना ते पुटपुटले, "आज हे नवीन काय?"

तेव्हा कुठे वसुधाने खाली पाहिलं. पायरीखाली चार जोड ओळीने लावलेले, लग्नघराच्या दारात असतात तसे. पंचवीस वर्षं थांबलेल्या माणसाला आपण समितीपुढे फाटक्या मोज्यात उभं केलं. आबांना काय कळवायचं? उठून माफी मागावी, निदान बूट घालून यावं, असं तिला वाटलं, पण टीडेमाननी सोप्रानो ओठाला लावला होता. त्यांनी श्वास घेतला, आणि चौघांनी घेतला.

पहिला भाग झाला. कसा झाला ते तिला कळलंच नाही, तिचे कान जळत होते. मग संथ भाग सुरू झाला. सोप्रानोने सूर उचलला, आल्टो त्याला येऊन मिळाला आणि पहिला चौक आला. वसुधाने सवयीने डोळे मिटून घेतले आणि धक्क्याची वाट पाहिली. धक्का आला नाही. तिने एक डोळा उघडला. करड्या लोकरीच्या मोज्यातला ल्युडेकेंचा पाय उठला होता, खाली आला होता, आणि मांजराच्या पावलासारखा मुका पडला होता. दुसरा चौक. पाय जोरात उठला, पूर्ण ताकदीने खाली आला. काही नाही. स्वतः ल्युडेके पायाकडे बघत होते. बंद पडलेल्या घंटेकडे ड्रायव्हर बघतो तसा चेहरा, आणि वाजवत होते मात्र देवासारखं.

वसुधाला हसू फुटलं. आता बॅरिटोन वाजवणाऱ्याला हसायची सोय नाही, सगळा श्वास आत गेलेला असतो आणि तो एकाच वाटेने बाहेर येतो. तिच्यापुढे कागदावर होता आठ मात्रांचा एकच लांब खर्ज. तिने हसू गिळलं, ते परत वर आलं. तिने आबांचं मरण आठवून पाहिलं, पण आबा ठणठणीत होते. पोट गदगदत होतं, साडीच्या निऱ्या हलत होत्या आणि त्या खर्जाला एक बारीक थरथर सुटली. फ्राऊ आरेन्सनी तिच्याकडे पाहिलं आणि तीच चूक केली. त्यांचे खांदे हलायला लागले. टीडेमाननी भुवया उंचावून दोघींकडे पाहिलं, मग ल्युडेकेंच्या पायाकडे पाहिलं, पाचवा चौक न वाजता गेला तो पाहिला, आणि त्या पासष्टीला आलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हसण्याचं की कशाचं, ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. सोप्रानो मात्र थांबला नाही. शेवटचे दोन भाग चौघांनी असे वाजवले की मागे बसलेला दिनकर न राहवून "वा" म्हणाला आणि समितीतल्या एकाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

संपलं. डॉक्टर वेझेमान उठले, मंचापाशी आले आणि पायरीखालच्या चार जोडांसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"मागच्या वेळी मी बुटांबद्दल काही लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही ते इतकं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

टीडेमाननी अंगठा खुर्चीमागे लपवला.

"आणि फ्रॉयलाइन, संथ भागातला तो लांब खर्ज. त्यातला कंप. तो असा कसा साधला?"

"पुष्कळ दिवसांची तयारी होती," वसुधा म्हणाली, आणि हे अगदीच खोटं नव्हतं.

"मे महिन्यातला दुसरा रविवार," वेझेमान म्हणाले. "सकाळी अकरा. मोज्यांचं तेवढं बघा."

बाहेर येऊन ल्युडेकेंनी वसुधाला पेटीसकट उचललं. फ्राऊ आरेन्स रस्त्यात मोज्यांवरच नाचल्या, बूट हातात घेऊन. दिनकर प्रत्येकाला पकडून सांगत होता की, "म्हणजे माझा प्रिन्सिपल करेक्टच होता, फक्त डॅम्पर पायालाच हवा होता, गेनाऊ!" टीडेमान रस्त्याच्या कडेला दिव्याच्या खांबाला धरून उभे होते. वसुधा त्यांच्याजवळ गेली आणि माझी चूक झाली, आमच्याकडे तशी रीत आहे, असं म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वासुडा," ते म्हणाले, पहिल्यांदाच फ्रॉयलाइन वगळून, "तुमच्याकडे आणखी काही रीती असतील तर मेच्या आत सांग."

मेमध्ये एकशे बारा माणसांसमोर ते चौघं वाजवायला बसले. मोजे चौघांचे सारखे, लाल, फ्राऊ आरेन्सनी विणलेले. वसुधाने आबांना चार पानी पत्र लिहिलं आणि सोबत फोटो पाठवला. आबांचं उत्तर एका ओळीचं आलं. "चि. वसूस आशीर्वाद, पोचलं, फोटोत पाय दिसत नाहीत."

त्या सप्टेंबरात ती पेटी घेऊन परत आली आणि कोल्हापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली. सहासष्ट साली फ्राऊ आरेन्सचं पत्र आलं, तेव्हा ती आबांच्या खाटेशेजारी बसून ते मराठी करून वाचत होती. ल्युडेके आता ट्राम चालवत नाहीत, डेपोत बसून इतरांना शिकवतात. संच चालू आहे, मंडळ दरवर्षी बोलावतं. हानोवरचा एक तरुण बॅरिटोनला घेतला आहे. त्याने पहिल्याच दिवशी टीडेमानना विचारलं की मंचावर चढताना आपण बूट का काढतो आणि पायरीला हात का लावतो. टीडेमान त्याच्यावर भडकले. म्हणाले, चार सॅक्सोफोनचं संगीत असंच वाजवतात, पहिल्यापासून असंच आहे, तुला शिकवलं तरी कोणी?

वसुधा इतकी हसली की कागद हातातून पडला. आबा हसले नाहीत.

"बरोबर सांगितलं त्यांनी," आबा म्हणाले. "मग काय घालून वाजवायचं होतं? ते संथ कोणतं, ते काढ बघू."

वसुधाने पेटी उघडली. चपला उंबऱ्याबाहेर होत्याच. ती बॅरिटोनचा भाग वाजवू लागली, एकटीच. मध्ये मध्ये लांब विश्रांती, जिथे बाकीचे तिघं वाजवतात आणि बॅरिटोन गप्प बसतो. तिला वाटलं, आबांना हे रिकामं वाटेल, अर्धवट वाटेल. म्हणून तिने वर पाहिलं. आबा डोळे मिटून बसले होते आणि ती गप्प असायची तेवढा वेळ त्यांचा अनवाणी पाय जमिनीवर उठत होता, पडत होता, त्या तिघांच्या मात्रा मोजत, आणि त्याचा आवाज येत नव्हता.